चार बोटांवर अकरा

द्वारकाबाई एक तास गप्प बसू शकते असं मुकुंदवाडीत कुणी म्हटलं असतं, तर लोकांनी त्या माणसाला आधी पाणी पाजलं असतं आन मग सावलीत निजवलं असतं. द्वारकाबाईचं तोंड म्हणजे चालू गिरणी. जवळून जाईल त्याच्या अंगावर थोडं पीठ उडणारच. तरी त्या शुक्रवारी ती खरोखर गप्प बसली, आन बसली म्हणूनच पुढचं सगळं रामायण झालं.

झालं असं, की नात संस्कृती शाळेतून प्रगतिपत्रक घेऊन आली. पोरगी साडेपाच वर्षांची, इंग्रजी शाळेच्या मोठ्या गटात. सून मोनाली वाळूजच्या कंपनीत क्वालिटीला, म्हणजे दुसऱ्याच्या कामातली खोट काढायचा तिला पगार. तिनं ते पत्रक उभ्या उभ्या वाचलं, मग बसून वाचलं, मग सासूला वाचून दाखवलं.

"मुलीला एकपासून मोजता येत नाही. बोटांवर आकडे दाखवता येत नाहीत. गणितात कच्ची."

"कोण कच्ची?" द्वारकाबाई म्हणाली. "त्या टीचरला बोलाव गच्चीवर. पापड मोजायला लावते. कोण कच्चं अन् कोण पिकलेलं, बघू."

"आई, तेच तर म्हणते मी. ती तुमच्यासारखी मोजते. शाळेत नाही चालत तसं. पोरं हसतात." मोनालीनं पत्रक घडी घालून पर्समध्ये ठेवलं. "मी अबॅकसच्या क्लासला बोलून आले. सोमवारपासून. दोन ते पाच. व्हॅन येईल घ्यायला."

दोन ते पाच. द्वारकाबाईच्या हातातलं लाटणं थांबलं. सकाळ स्वैपाकात जायची, संध्याकाळ घरच्यांच्या तोंडाकडं बघण्यात. दोन ते पाच एवढंच काय ते पुरण होतं तिच्या दिवसात, बाकी नुसती कणीक. त्या वेळात गच्चीवर ती अन् शेजारची कडूबाई उडदाचे पापड लाटायच्या, अन् संस्कृती ते लुगड्यावर मांडायची. मांडता मांडता मोजायची. पहिल्या पापडाला ती एक म्हणायची नाही, 'लाभ' म्हणायची. गावाला, गंगापूरकडं, खळ्यावर धान्य मापताना पहिल्या मापाला सगळे लाभच म्हणत आले. लाभ, दोन, तीन, चार. एक म्हणून सुरुवात केली की रास एकावरच थांबते म्हणतात. आता थांबते का नाही कोण जाणे, पण एवढ्याशा गोष्टीसाठी लक्ष्मीशी वाकडं कशाला?

आन मोजणी पेरांवर. करंगळीच्या खालच्या पेरावर अंगठा टेकला की लाभ. एका बोटाची तीन पेरं, चार बोटांची बारा. डझन भरला की डाव्या हाताचा अंगठा एक पेर पुढं सरकतो, उजवा पुन्हा करंगळीपासून. दोन हातांत बारा डझन पापड मावतात. द्वारकाबाई दुसरीतून शाळा सोडून आली होती. मास्तरनं छडी उगारली, तिनं ती धरून ठेवली, आन दोघांचाही शाळेवरचा विश्वास उडाला. पण पापडाचा आकडा तिचा आजवर कधी चुकला नव्हता.

"क्लास काही लागायचा नाय," ती म्हणाली.

मोनाली पण काही कच्च्या गुरूची चेली नव्हती. "ठीक आहे. शुक्रवारी शाळेत युनिव्हर्सिटीच्या मॅडम येणारेत. लहान पोरांचे आकड्यांचे खेळ घेतात. चार देशांत घेतात म्हणे तेच खेळ. त्या म्हणाल्या की पोरगी ठीक आहे, तर क्लास रद्द. नाहीतर सोमवारी व्हॅन."

"चार का, चाळीस देशांतून येऊ दे."

"एक अट आहे. पोरासोबत घरातलं एक माणूस बसू शकतं. पण बोलायचं नाही, खुणावायचं नाही. एक शब्द बोललात तर पोरीचा पेपर बाद."

हे कडूबाईनं जिन्यातून ऐकलं अन् ती हसत हसत तिथंच पायरीवर बसली. "द्वारके, तू? गप्प? अगं तू झोपेत भांडती."

"लाव पैज."

"लावते. फाटकातून आत गेल्यापासून एक तास. एक शब्द नाय. जिंकलीस तर मी अख्ख्या गल्लीत सांगीन, द्वारकीचे पापड माझ्यापेक्षा पातळ."

ही काय साधी गोष्ट नव्हती. पंधरा वर्षं त्या दोघी याच गोष्टीवर भांडत होत्या.

"आन हरले तर?"

"तर तू सांगायचं, कडूबाईचे. साक्षीदार संस्कृती."

संस्कृतीनं मान डोलावली. ती साक्षीदार एकदम कडक होती. आजोबांनी चोरून खाल्लेल्या गुळाची बातमी तिनं पाहुण्यांच्या देखत दिली होती.

शुक्रवारी द्वारकाबाई नवं इरकल नेसली, तोंडात सुपारीचं हे एवढं खांड घातलं, म्हणजे शब्द यायचा झाला तरी त्याला वाट सापडू नये, आन नातीचं बोट धरून फाटकातून आत गेली. बरोबर अकरा वाजले होते.

खेळ संगीताच्या खोलीत होते. त्या मॅडम निघाल्या सव्वीस-सत्तावीस वर्षांची एक पोरगी. मेघा तिचं नाव. पायात साध्या चपला, केस वर बांधलेले, त्यात पेन्सिल खोचलेली. "या आजी, बसा," म्हणून तिनं खुर्ची पुढं केली. खुर्ची बालवाडीची. द्वारकाबाईनं खुर्चीकडं बघितलं, स्वतःकडं बघितलं, अन् सरळ खाली मांडी घातली. यावर तिच्याकडं बोलण्यासारखं पुष्कळ होतं. ते तिनं सुपारीखाली दाबलं. कंपनीतून अर्धा दिवस काढून मोनाली पण आली होती, पण आत एकालाच सोडत होते. ती बाहेर खिडकीच्या जाळीला नाक लावून उभी राहिली.

पहिला खेळ टॅबवर. निळे-पिवळे ठिपके एक क्षण दिसायचे अन् गुडूप व्हायचे. कोणते जास्त, एवढंच सांगायचं.

"निळे," संस्कृती म्हणाली. "पिवळे तीन कमी."

मेघानं वर बघितलं. "किती कमी ते नाही विचारलं बाळा. फक्त जास्त कोणते?"

"मग मी कमी सांगितलेलं परत घेऊ का?"

द्वारकाबाईनं सुपारी कडकन फोडली. गच्चीवर वारा आला की पोरीला एका नजरेत ओळखावं लागायचं, कोणत्या ओळीतले पापड उडाले अन् किती. तिथं ठिपक्यांची काय मिजास?

दुसरा खेळ उलट्या शब्दांचा. मेघा म्हणाली, "मी चार वस्तू सांगेन. तू शेवटची आधी सांगायची, असं मागं मागं यायचं. चेंडू, मांजर, छत्री, घंटा."

संस्कृती इकडंतिकडं बघायला लागली. "पिशवी कुठंय?"

"कसली पिशवी?"

"तू सामान भरलं ना आत्ता."

मेघाला काही कळेना. पण पोरगी चांगली होती, तिनं हवेतच एक पिशवी धरल्यासारखं केलं. "ही घे."

"घंटा, छत्री, मांजर, चेंडू. मांजर खाली नको ठेवू, मरेल."

शहागंजातून आजीबरोबर सामान आणायला गेलं की ही यांची रोजची गंमत. घरी आल्यावर पिशवीत हात घालायच्या आधी संस्कृतीनं सांगायचं, आता काय निघणार. शेवटी घेतलेलं वर, आधी घेतलेलं तळाला. हिंग, मिरे, पापडखार, उडदाची डाळ. मेघानं पाच वस्तू दिल्या, सहा दिल्या. सात झाल्या तेव्हा मेघाच विसरली की आपण काय काय भरलं होतं, अन् तिला कागदात बघावं लागलं. द्वारकाबाईला एवढा आनंद झाला की तिनं स्वतःच्याच मांडीवर थाप मारली. मेघानं बोट ओठावर ठेवलं. खिडकीत मोनाली हसत होती, पण सासूनं बघताच तोंड सरळ केलं.

आन मग गाडी घाटात अडकली.

"हे मणी मोज बरं."

"लाभ, दोन, तीन, चार..." पोरगी बारापर्यंत धाडधाड गेली. मेघानं कागदावर काहीतरी केलं. द्वारकाबाईला वाचायला फारसं येत नसलं तरी फुली कळत होती. फुली कळायला काय दहावी लागते?

"आता बोटांवर सात दाखव."

संस्कृतीनं उजवा हात वर केला. अंगठा मधल्या बोटाच्या खालच्या पेरावर. सात म्हणजे सात, लख्ख.

मेघाला दिसली ती चार बोटं उभी अन् अंगठा मुडपलेला. "परत बघ. सात."

संस्कृतीनं हात तिच्या नाकाजवळ नेला. बाईला लांबचं दिसत नसावं. "हे काय, सात."

फुली.

"नऊ?"

तोच हात, तीच चार बोटं. अंगठा मधल्या बोटाच्या शेंड्याला.

फुली. पाचाला फुली, अकराला फुली. द्वारकाबाईच्या कपाळावर घाम आला. आंधळी आहे का ही बया? एवढा ढळढळीत आकडा हातावर बसलाय, अन् हिला दिसत नाय? सात बघूनही सात न दिसणारं माणूस जगात असतं, ही गोष्टच तिच्या डोक्यात आजवर कधी आली नव्हती. शाळेतल्या टीचरचं पण हेच झालं असणार, हे आता कुठं तिच्या टाळक्यात शिरलं. शब्द घशापर्यंत आले. तिनं पदर तोंडात कोंबला, दोन्ही हात मांडीखाली दाबले, अन् भिंतीवरच्या घड्याळाकडं बघितलं. पावणेबारा व्हायला आले होते. फुल्या चार, का पाच? दोन ते पाच डोळ्यांपुढून व्हॅनमध्ये बसून चालले होते.

"शेवटचा खेळ," मेघा जरा दमलेल्या आवाजात म्हणाली. ज्या पोराला सात दाखवता येत नाही त्याला बेरीज काय विचारायची, असं तिला वाटत असावं. पण कागदावर होतं म्हणून विचारलं. "आठ आणि पाच किती?"

संस्कृतीचे हात मांडीवर होते. "तेरा."

मेघा थांबली. "सात आणि नऊ?"

"सोळा."

तेवढ्यात द्वारकाबाईची नजर खिडकीकडं गेली, अन् तिला जे दिसलं त्यानं सुपारी घशात जाता जाता राहिली. जाळीबाहेर मोनाली उभी, डोळे लेकीवर, ओठ पुटपुटणारे, आन उजव्या हाताचा अंगठा करंगळीवरून मधल्या बोटावर तुरुतुरु पळतोय. पेर, पेर, पेर. क्वालिटीची मॅडम पेरांवर मोजत होती.

द्वारकाबाईनं डोळे मोठे केले. मोनालीला कळलं. तिनं हात झटकन ओढणीखाली घेतला, जसा काय त्यात चोरीचा पेरू होता.

इकडं मेघानं केसातली पेन्सिल काढली, परत खोचली. "सात दाखवता येत नाही, आणि सात नि नऊ सोळा येतात. हे कसं गं? तुला कसं कळलं सोळा?"

"अंगठ्यानं सांगितलं."

"कुठं सांगितलं?"

"आज्जीला विचार. पण ती बोलणार नाय. तिची पैज हाय कडूआज्जीशी."

मेघा वळली. "आजी, खेळ संपले. आता बोललात तरी चालेल. कसं करते ही?"

आता आली पंचाईत. खेळ संपले होते, पण तास संपला नव्हता. घड्याळात बाराला अकरा मिनिटं कमी. एकीकडं नातीची दुपार, एकीकडं पंधरा वर्षांचा पापडाचा वाद, आन साक्षीदार समोर डोळे लावून बसलेली. द्वारकाबाईनं एक बोट घड्याळाकडं केलं. मग उजवा हात वर केला. चार बोटं उभी, अंगठा तर्जनीच्या मधल्या पेरावर.

"चार?" मेघा म्हणाली. "चार काय, आजी?"

द्वारकाबाईनं कपाळावर हात मारून घेतला, अन् परत तोच हात दाखवला. अंगठ्यानं ते पेर ठोकून ठोकून दाखवलं.

"चार नाय," संस्कृती म्हणाली. एवढी शिकलेली बाई अन् एवढं कळू नये, याची तिला खरंच कीव आली होती. "अकरा. अकरा मिनिटं ऱ्हायलीत म्हणते ती."

मेघानं घड्याळ बघितलं. अकरा मिनिटंच होती. तिनं द्वारकाबाईचा हात बघितला. मग संस्कृतीला म्हणाली, "तू दाखव अकरा." दोन हात शेजारी शेजारी. एक सुरकुतलेला, पिठानं पांढरा झालेला, एक गोबरा, शाई लागलेला. दोन्ही अंगठे तर्जनीच्या मधल्या पेरावर.

"सात," मेघा कुजबुजली. दोन्ही अंगठे मधल्या बोटाच्या तळाला. "नऊ." दोन्ही शेंड्याला. "पाच." मरंगळीच्या, करंगळीशेजारच्या बोटाच्या, मधोमध.

ती मटकन खाली बसली, द्वारकाबाईच्या शेजारी, फरशीवर. "अगं बाई. मी काय मोजत होते? मी उभी बोटं मोजत होते." ती हसायला लागली ती थांबेचना. "जर्मनीची पोरं अंगठ्यापासून सुरू करतात, चीनची एका हातावर दहा दाखवतात, ते सगळं मला पाठ आहे. आणि माझी बिडकीनची आजी अशीच मोजायची, आजी. वाती मोजायची. डोळ्यांसमोर. ते मी कागदात घातलंच नाही."

मग पुढची अकरा मिनिटं त्या खोलीत नुसता दंगा. मेघा आकडा ओरडायची, आजी अन् नात हात वर करायच्या. चोवीस. छत्तीस. एकोणचाळीसला डाव्या हाताचा अंगठा तिसऱ्या पेरावर अन् उजव्याचा पण तिसऱ्या. मेघानं हातानं फुल्यांशेजारी नवीन रकाना ओढला अन् सगळं परत लिहून काढलं. शेजारच्या वर्गातून संस्कृतीचीच टीचर 'काय चाललंय' म्हणून बघायला आली, ती दारातच स्वतःची पेरं चाचपत उभी राहिली.

घड्याळात बारा वाजले अन् द्वारकाबाईनं सुपारी कागदात काढून ठेवली.

"अगं ए शिकलेले," ती म्हणाली, "तुझ्या चार देशांत हाताला पेरं नसतात का? नुसती काठ्यांगत बोटं? आन लाभाला फुली मारलीस तू. लाभाला. अगं तुझ्या घरात रास तरी राहील का? ह्या टीचरनं पण तेच केलं असणार, म्हणून हिच्या वर्गात एवढी पोरं आन एकालाही शेंबूड पुसता येत नाय. पोरीचा हात बघायचा सोडून कागद बघत बसता. हात कशाला दिलाय देवानं, सही करायला?" हे असं आणखी बरंच होतं. तासाभराचं साठलेलं होतं. मेघानं त्यातलं अर्धं लिहून घेतलं, म्हणजे ती खरंच हुशार होती.

मग द्वारकाबाई म्हणाली, "आता ते ठिपके मला दाखव." तिनं दहा वेळा सांगितलं अन् सात वेळा चुकली. संस्कृती शेजारून खरं उत्तर देत होती. द्वारकाबाईनं टॅब परत दिला. "काच धुतलेली नाय," ती म्हणाली.

बाहेर व्हरांड्यात मोनाली खाली मान घालून उभी होती. मेघानं तिला सांगितलं, पोरगी ठीकच काय, तिच्या वयाला एवढ्या उलट्या वस्तू कुणी सांगितलेल्या मी अजून ऐकल्या नाहीत.

"ते ऱ्हाऊ दे," द्वारकाबाई म्हणाली. "मोनाली, तुझा अंगठा काय करत होता गं खिडकीत?"

"कुठं काय."

"मम्मी सात अन् नऊ करत होती," साक्षीदार म्हणाली. "मी बघितलं."

मोनाली लाल झाली. "कंपनीत ओढणीखाली मोजते," ती शेवटी म्हणाली. "पहिल्या आठवड्यात सगळे हसले होते. संस्कृतीला नको हसायला कुणी, म्हणून..." मग तिनं फोन काढला. "व्हॅनवाल्याला सांगते. सोमवारी नको."

"सांग. अन् ओढणी बाजूला घेऊन मोजत जा. चोरी केलीस का?"

त्या संध्याकाळी कडूबाईनं गल्लीत दारोदार जाऊन सांगितलं, द्वारकीचे पापड माझ्यापेक्षा पातळ. फक्त प्रत्येक दाराशी पुढं जोडलं, "पण तुटतात लई."

सोमवारी दोन वाजता गच्चीवर पापडाची तयारी झाली होती. पण खालून गलका आला. मेघानं विचारलं होतं, मोठ्या गटातली आणखी पोरं एक दुपार आणू का, तुम्ही कसं शिकवता ते बघते. द्वारकाबाईनं मोठ्या तोऱ्यात हो म्हटलं होतं. किती, ते विचारलं नव्हतं.

मेघा खालून एकेकाला सोडत होती, पोरं जिन्यातून वर आली. द्वारकाबाई दारात उभी राहून एकेकाच्या डोक्यावर हात ठेवत मोजत होती. संस्कृती आधीच पापडाच्या लाट्या करत बसली होती, तिच्यावर पहिला हात. "लाभ. दोन. तीन, पाय पूस रे. चार. पाच, ते नाक. सहा." अंगठा चालत होता. कडूबाई लाटणं हातात धरून नुसती बघत होती, ही एवढी सगळी पोरं उडीद तुडवणार का काय. "दहा. अकरा. बारा." अंगठा तर्जनीच्या शेंड्याला टेकला. हात भरला. द्वारकाबाईला बरं वाटलं. पूर्ण डझन, जास्त नाही, कमी नाही.

जिन्यात परत पाय वाजले. कंपनीच्या ओळखपत्राची पट्टी अजून गळ्यातच होती. मोनालीनं परत अर्धा दिवस काढला होता.

द्वारकाबाईनं डाव्या हाताचा अंगठा करंगळीच्या खालच्या पेरावर ठेवला, एक डझन बांधून टाकला. मग उजवा हात मोकळा केला, सुनेच्या डोक्यावर ठेवला, अन् नव्यानं सुरुवात केली.

"लाभ," ती म्हणाली. "बस तिकडं, शेवटी. उशिरा आलीस."